थोरली जाऊ, धाकटी जाऊ

आत्या,

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, लोक तुझ्याविषयी चांगलं बोलले. सगळं आवरल्यावर मी तुझ्या फळीवरची गोळ्यांची बाटली उचलली. अर्धी भरलेली होती. शेजारी मलमाची ट्यूब, मागून गुंडाळत आणलेली, आतलं शेवटचं बोटभर मलमही सोडायचं नाही अशा जिद्दीनं दाबलेली. तुझ्या भाषेत सांगायचं तर बाटली म्हणजे धाकटीचा शिधा आणि ट्यूब म्हणजे थोरलीचा. दोघींचा शिधा जागच्या जागी आणि तू नाहीस, हे बघून मला रडू यायला हवं होतं. आलं हसू. कारण तुला नेलं ते या दोघींपैकी एकीनंही नाही. भर दुपारी, चहाची बशी हातात असताना तुझं हृदय थांबलं. दोन्ही जावांना शेवटपर्यंत धाकात ठेवलंस आणि त्यांना न विचारता निघून गेलीस.

तुझं वय, गाव, मागे कोण कोण आहे, हे सगळं पत्रिकेत छापलंय. ते इथं नको. मला तुझ्या हातांविषयी बोलायचं आहे, आणि एका कपभर दुधाविषयी. ते दूध इतकी वर्षं माझ्या घशात अडकून बसलंय.

कनेरगाव नाक्यावर गणपतरावांच्या ढाब्याला गिऱ्हाईक यायचं ते तुझ्या भाकरीसाठी. वाशीमकडून येणारे ट्रकवाले गाडी उभी करायच्या आधी चुलीकडे बघायचे, तू बसलीयस का म्हणून. चूल मुद्दाम पुढच्या बाजूला, रस्त्यावरून दिसेल अशी. तू ज्वारीच्या पिठात कढत पाणी ओतायचीस, दोन्ही तळव्यांनी पीठ असं मळायचीस की परात जागेवरून हलायची, आणि भाकर तव्यावर पडायची ती कडा न फाटता. मी कॉलेजला हिंगोलीला जाता-येता तुझ्याजवळ थांबायची. तू पहिली भाकर माझ्यासाठी बाजूला काढायचीस आणि वर म्हणायचीस, "खा, न्हाई तर तुझा बाप म्हनंल बहिनीनं उपाशी धाडलं."

मग तुझ्या कोपरांवर ते चट्टे आले. लाल, वर रुपेरी खपल्या. कोपरांवरून केसांच्या कडेला, तिथून मनगटांवर आणि हातांच्या पाठीवर. कुणी गजकर्ण म्हटलं, कुणी अंगातली उष्णता. आपला मुलूख हळदीचा, तेव्हा भेटेल तो हळद लावायला सांगायचा. तू महिनाभर हळद लावलीस आणि चट्टे तसेच राहून फक्त साड्या पिवळ्या झाल्या. हिंगोलीच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं, सोरायसिस. लागट नाही, असं दोनदा सांगितलं. मलम दिलं. पण डॉक्टरबाई हिंगोलीत होत्या आणि गिऱ्हाईक नाक्यावर.

तेव्हापासून तुला पांढरी साडी फार आवडायला लागली. बुद्धपौर्णिमेला विहारात तू सगळ्यांच्या पुढं जाऊन बसलीस आणि माझ्या कानात म्हणालीस, "धवळ्या साडीवर कोंडा दिसत न्हाई, सुनू. आज मी राणीवानी बसले." मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, कारण बाकीचे दिवस तू कशी बसत असशील, हे मी तुला विचारलंच नाही.

एक दिवस एका माणसानं तुझ्या हातांकडे बघून ताट परत केलं. गणपतराव वाईट माणूस नव्हता, पण धंद्यापुढे त्याची मान खाली जायची. दुसऱ्या दिवशी चुलीवर कांताबाई बसली. ती तोवर भाजी चिरायची. तुला मागं भांडी घासायला पाठवलं. कांताबाईनं अजून एक गोष्ट केली. दोन पराती सारख्याच, म्हणून तुझ्या परातीच्या काठावर खिळ्यानं फुली मारली. चुकून आपल्या हाताखाली यायला नको म्हणून.

ती फुली तू मला दाखवलीस तेव्हा तुझा आवाजही चढला नाही. तू एवढंच म्हणालीस, "माझ्या मायला पाटलाच्या विहिरीवर वरून ओंजळीत पानी वाढायचे. भांडं येगळं, मानूस येगळं. मला वाटलं व्हतं, ते दिस सरले." मी म्हटलं, काम सोड, दुसरं बघू. तू म्हणालीस, "काहून सोडू? मी चुलीवरून उठले, ती चुलीवरच जाऊन बसंन." तुला पैशाची ओढ नव्हती, आपलं घर माझ्या भावाच्या पगारावर चाललं असतं. तुला ती चूल हवी होती, रस्त्यावरून दिसणारी. लोकांनी तुझ्या हातचं खाल्लं पाहिजे, हात दिसत असताना खाल्लं पाहिजे, एवढाच तुझा हट्ट. मला तो हट्ट तेव्हा फुकटचा वाटला होता.

घासायच्या पावडरीनं हातांचं आणखी वाटोळं झालं. बोटांना भेगा पडल्या. आणि त्याच वर्षी तू मंद झालीस. आधी कधी न बसणारी बाई दुपारी भिंतीला टेकून बसायला लागली. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, आणि मे महिन्यात अंगावर चादर. आम्ही सगळ्यांनी ते सोरायसिसच्याच नावावर लावलं. खाज येते म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून थकवा, लोक बोलतात म्हणून उदासी. सगळं कसं बरोबर बसत होतं. एक दुखणं घरात असलं की माणूस बाकी सगळं त्याच्याच माथी मारतो, तसं.

मी तेव्हा हिंगोलीतल्या एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये नुकतीच लागले होते. रोज दहा जणांच्या थायरॉईडचं रक्त माझ्या हाताखालून जायचं आणि माझ्या घरातली बाई मे महिन्यात कुडकुडतेय, हे माझ्या लक्षात आलं नाही. आलं ते त्वचेच्या डॉक्टरबाईंच्या. मलम लिहून देता देता त्या थांबल्या, तुझा आवाज ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा घोगरेपणा कधीपासून?" मग थायरॉईड सांगितलं. तुझं रक्त मीच काढलं. रिपोर्टही मीच छापला, आणि नेहमीपेक्षा कितीतरी वर गेलेला आकडा बघून खुर्चीत बसले.

पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी समजावलं ते मला शब्दाशब्दानं आठवतं. सोरायसिस असलेल्या माणसांमध्ये थायरॉईडचा त्रास इतरांपेक्षा थोडा जास्त आढळतो. सगळ्यांना होतो असं मुळीच नाही. आणि एकामुळे दुसरं झालं, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. शरीराची राखण करणारी जी ताकद असते, ती चुकून आपल्याच घरावर उठते. "तुमच्यात ती आधी कातडीवर उठली, मावशी, आणि आता गळ्यातल्या ग्रंथीवर." मी मान डोलवत होते. तू मात्र पदर सावरलास आणि म्हणालीस, "म्हंजी जावा जावा हैत दोघी. एकीनं दुसरीला जन्म दिला न्हाई, पन नांदायला आल्या एकाच घरी. थोरली घरात असली की धाकटीवर डोळा ठिवावा."

डॉक्टरबाई पेन खाली ठेवून हसल्या. म्हणाल्या, पुढच्या पेशंटला मी हेच सांगणार. त्या दिवसापासून आपल्या घरात सोरायसिस ही थोरली झाली आणि थायरॉईड धाकटी.

आता दुधाचं.

गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. साध्या पाण्यासोबत, हेही सांगितलं असणार. मी ऐकलं नाही. घरी आल्यावर तू गोळी हातात धरून मला विचारलंस, "ही गरम पडंल का गं?" आणि मी, लॅबमधली शहाणी, आपल्या घरात सगळ्या गोळ्यांना सांगतात तेच तुला सांगितलं, "दुधासंगं घे, मग न्हाई पडत." तू रोज पहाटे कपभर दुधासोबत गोळी घेत राहिलीस. दूध त्या गोळीला अंगात नीट उतरू देत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

पुन्हा रक्त तपासलं. आकडा उतरायचा तेवढा उतरलाच नव्हता. तो कागद घेऊन मी बसनं नाक्यावर आले आणि ढाब्याच्या मागं, घासायच्या भांड्यांच्या ढिगासमोर, कांताबाईच्या देखत तुझ्यावर ओरडले. गोळ्या फेकतेस का? आम्ही मरमर करायची आणि तू खोटं बोलायचंस? तुझे हात फेसानं भरलेले. तू म्हणालीस, "एक बी दिस चुकले न्हाई, सुनू. आनभाक." मी विश्वास ठेवला नाही. तशीच बसमध्ये जाऊन बसले, आणि खिडकीतून बघितलं तर तू पुन्हा वाकून तवा घासत होतीस.

आठवड्यानं डॉक्टरबाईंनी डोस वाढवायच्या आधी सहज विचारलं, "गोळी कशासोबत घेता?"

"दुधासंगं."

"दुधासोबत? कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत होते. तू माझ्याकडे बघितलंसही नाही. "कोनी सांगंल बाई? माझी मीच. अडानी मानूस." एवढं म्हणून तू पायातल्या चपलेचा अंगठा नीट करत बसलीस. डॉक्टरबाई तुलाच चार शब्द बोलल्या. मी गप्प राहिले. घरी येताना तू बसमध्ये मला शेंगदाणे घेऊन दिलेस आणि विषय काढला नाहीस. त्यानंतर कधीच काढला नाहीस. मी रोज म्हणायची, आज बोलते. सणाला बोलते. पुढच्या भेटीत बोलते.

साध्या पाण्यावर गोळी लागू पडली. सूज उतरली, आवाज मोकळा झाला, मे महिन्यातली चादर पेटीत गेली. चट्टे मात्र राहिले. कमी झाले, फिके झाले, पण थंडीत मनगटांवर परत यायचेच. तुझं म्हणणं असं, की धाकटी गप बसली म्हणून थोरलीही नरमली. मी म्हणायची, ते मलमानं झालं आणि पावडर सुटली म्हणून झालं. हे भांडण आपण किती घातलं! तर ऐक, थायरॉईडनंही कातडी कोरडी पडते, तेव्हा अर्धा मुद्दा तुझा. पुरा देणार नाही.

आणि पावडर सुटली कशी, तर कांताबाईच्या लेकीचं बाळंतपण आलं. ती निघून गेली आणि भर हंगामात ढाब्याची चूल रिकामी पडली. गणपतराव मागं येऊन तुझ्यापुढं नुसता उभा राहिला. मी त्या दिवशी सुट्टीवर तिथंच होते, म्हणून हे मला बघायला मिळालं.

"शेवंताबाई, तेवढं... चुलीवर..."

"बसते की. पन माझी परात पुढं येईल. फुलीसगट. अन् बाह्या वर खोचूनच बसनार, लपवनार न्हाई."

"बराबर हाय."

"अन् पहिली भाकर तुमी खायची. हितं, सगळ्यांच्या म्होरं उभं राहून."

गणपतरावानं ती भाकर ठेच्यासोबत खाल्ली. मग न सांगता दुसरी घेतली. त्याचा घास गिळेपर्यंत तू कमरेवर हात ठेवून उभी होतीस.

दुपारी एका ड्रायव्हरनं तुझ्या मनगटाकडे बघत विचारलंच, "मावशी, यह क्या है?" तू भाकर थापतच होतीस. "दो जेठानी-देवरानी है मेरे अंग में. लागट नहीं है. डॉक्टर बोली. खाना है तो खाव, नहीं तो आगे धाबे बहोत है." त्यानं शर्टाची बाही वर केली. त्याच्या कोपरावर तोच रुपेरी चट्टा. बायकोलाही दाखवत नव्हता म्हणे. तू तव्यावरची भाकर उलटवलीस आणि पहिला प्रश्न काय विचारलास, तर "थकवा आता है क्या?"

तिथून तू जे सुरू केलंस त्यानं आमच्या लॅबचं डोकं फिरलं. ज्याच्या अंगावर साधा नायटा दिसला त्यालाही तू थायरॉईड तपासायला धाडायचीस. बहुतेकांचे रिपोर्ट नॉर्मल यायचे आणि मी तुला तसं सांगितलं की तुझा चेहरा पडायचा. तुला समजावता समजावता मी थकले, की आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखवू दे, लक्षणं बघू दे, तपासायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. तू म्हणायचीस, "माझं तरी कोनी आधी तपासलं?" आणि तू पाठवलेल्यांपैकी दोघी बायकांना धाकटी खरोखरच निघाली, हे मी मुद्दाम तुला उशिरा सांगितलं. नाही तर तू नाक्यावर बसगाड्या अडवल्या असत्यास.

कांताबाई परत आली तेव्हा चूल तुझी झाली होती. तिच्यासाठी तू शेजारी दुसरी मांडायला लावलीस. त्याच महिन्यात तू ती परात पिशवीत घालून नरसीला गेलीस. भांड्यांवर नावं घालून देणारा तिथं बसतो, लग्नाच्या भांड्यांवर मामाचं नाव घालतात तसलं मशिन घेऊन. त्यानं फुली घासून काढू का विचारलं. तू नको म्हणालीस. फुलीच्या शेजारीच नाव कोरून घेतलंस: शेवंताबाई भाकरवाली, कनेरगाव नाका. ढाब्यावर परत आल्यावर ती परात तू सगळ्यांना दिसेल अशी भिंतीला टेकवून ठेवलीस. कांताबाईनं बघितलं आणि भाजी चिरायला घेतली.

परवा लोक बोलायला उठले तेव्हा मीही उठले. तुझ्या मायाळूपणाविषयी बोलायचं ठरवून गेले होते. पण समोर पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं बसलेली, तुझ्या फोटोला हार, आणि माझ्या तोंडून दुधाचंच निघालं. दूध घे असं मी सांगितलं होतं, हे सांगितलं. तिला खोटारडी म्हटलं, हे सांगितलं. डॉक्टरपुढं तिनं माझी चूक आपल्या अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली, हेही. मग मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग पोरी, ती गोळी घ्यावी तरी कशासंगं?" मी रडत रडत सांगितलं, साध्या पाण्यासोबत, उपाशीपोटी, आणि चहा-दूध लगेच नाही, अर्धा-पाऊण तास थांबून. तीन बायका आपसात कुजबुजल्या. आत्या, तुझ्या पुण्यानुमोदनात थायरॉईडचा वर्ग भरला.

मी बसले आणि कांताबाई उठली. तिला बोलायची सवय नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"फुली मी मारली व्हती. खिळ्यानं. तिला पयल्या दिसापासून ठाव व्हतं. तरी माझ्या लेकीच्या बाळतपनाला तिनं डिंकाचे लाडू करून धाडले. मी ते गाईला घातले. गाईला काही झालं न्हाई. मला मातर आजून टोचून राहिलं." मग ती माझ्याकडे वळली. "सुनंदाताई, ती परात मला द्या. घरी न्हाई नेत. ढाब्यावरच राहील. पन तिच्यात पीठ मी मळीन."

मी हो म्हणाले.

आज लॅबमधून येताना नाक्यावर उतरले. दुपारची गर्दी होती. तुझ्या चुलीवर कांताबाई बसली होती आणि तिच्या पुढ्यात तुझी परात, काठावर पिठाचे हात लागून फुली बुजलेली, नाव तेवढं दिसत होतं. शेजारच्या बाकावर नवखा ड्रायव्हर होता. त्यानं भाकर मोडून तोंडात घातली आणि विचारलं, ही भाकर कुणाच्या हातची. कांताबाईनं मान वर केली नाही. पीठ मळता मळता म्हणाली, "शेवंताबाईच्या."